सोयाबीनमधला केना अन् तणनाशक : माझा अनुभव

आमच्या लातूर भागात सोयाबीनवरच घर चालतं, आणि पेरल्यापासून पहिले ३० ते ४५ दिवस रान तणात राहिलं की उतारा गेलाच समजा. खुरपायला बाया मिळत नाहीत, सगळ्या गावाचं खुरपण एकाच आठवड्यात निघतं, मग तणनाशकाशिवाय पर्याय राहत नाही.

यंदा माझ्या मनात तण उगवायच्या आधी मारायचं तणनाशक, पेंडीमेथॅलिन, मारायचं होतं. ते पेरल्यावर ४८ ते ७२ तासांतच मारावं लागतं, पण पेरणी उरकली आणि पावसाने अशी झड लावली की काळ्या रानात पाय ठेवता येईना. मग उगवणीनंतरचंच बघायचं ठरलं.

दुकानात जायच्या आधी रानात बसून तण ओळखून घ्या, हे मी सगळ्यांना सांगतो. माझ्याकडे थोडं गवत, दुधी आणि कुंजरू ही तणं, आणि सगळ्यात जास्त केना, म्हणजे रानात पसरत जाणारं तण. क्विझालोफॉप फक्त गवतावर चालतं, केन्याला त्याचं काहीच होत नाही, म्हणून मी इमॅझेथापायर १० टक्के घेतलं, एकरी ४०० मिली. दुकानदार म्हणे यातच अळीचं औषध आणि १९:१९:१९ हे विरघळणारं खत टाका, एका पाण्यात काम होतंय. मी स्पष्ट नाही म्हणालो, कारण तणनाशकाने पीक आधीच ताणावर येतं, त्यात अजून दोन गोष्टींचा मारा कशाला?

पेरून १५ ते २० दिवस, तण २ ते ४ पानांवर, रानात वाफसा (ओल आहे पण चिखल नाही) आणि वारा पडलेला, एवढं जुळलं की थांबायचं नाही. केना एकदा फांद्या फोडून पसरला की औषध त्याला जुमानत नाही. एकरी २०० लिटर पाणी धरलं, १५ लिटरच्या पंपाने १३ पंप, म्हणजे पंपाला ३० मिली. बरेच जण सात-आठ पंपांत एकर उरकतात, पाणी कमी पडतं, तण नीट भिजत नाही आणि नाव औषधाचं खराब होतं. नोझल पण फ्लॅट फॅनच पाहिजे, अळीच्या औषधाचं गोल फवाऱ्याचं नको.

फवारल्यावर आठवडाभर काहीच दिसेना. शेजारचे म्हणाले, "अण्णा, औषध डुप्लिकेट निघालं बघा, दुसरा हात मारा." पण हे औषध जाळत नाही, आधी वाढ थांबवतं, शेंडा पिवळा पडतो, मग तण हळूहळू बसतं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. सोयाबीनही थोडं पिवळं पडलं होतं, नवीन पानं निघाली तशी काळोखी धरली. या काळात घाबरून परत फवारलं तर पीकच बसतं.

तरी बांधाकडचा मोठा केना वाचलाच. एक झाड मुळासकट उपटून बघा, मातीत पांढरट फांद्या दिसतील आणि त्यांना जमिनीखालीच फुलं येऊन बी धरलेलं असतं. त्यामुळे वरून नुसता कापून भागत नाही, तुटलेल्या कांडीलाही ओल मिळाली की मुळ्या फुटतात. म्हणून उरलेला केना हाताने उपटून, पोत्यात भरून रानाबाहेर काढला, बांधावर टाकला नाही. मग ऊन पडल्यावर एक कोळपणी दिली, म्हणजे ओळींमधली माती कोळप्याने हलवली. तणनाशकाचा पंप मात्र वेगळाच ठेवलाय, तो मी दुसऱ्या कुठल्याच पिकावर नेत नाही.