चाकवत, बर्फ आणि खडेमीठ : तिसरी फेरी

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की बांधावरचा चाकवत परसातल्यापेक्षा गारठ्याला चिवट आहे. ते शब्द मागे घेतो.

नवीन मंडळींसाठी: बी दोन ठिकाणचं. एक कळंब्याकडच्या उसाच्या बांधावरचं, जिथं वर्षानुवर्षं ॲट्राझिन हे तणनाशक मारतात. दुसरं आमच्या परसातलं. गेल्या हिवाळ्यात दोन्हींच्या रोपांवर ॲट्राझिन मारून बघितलं. परसातली पिवळी पडून गेली, बांधावरची बरीच तगली, त्यांचंच बी धरलं. ॲट्राझिनच्या गटातल्या औषधाला दाद न देणारं तण 1970 साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून पहिल्यांदा नोंदलं गेलं. अशा बहुतेक तणांत हरितलवकातल्या एका प्रथिनात 264 व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन असतं, त्यामुळं औषध चिकटत नाही. शिवाय अशा तणांच्या हरितलवकाच्या पटलांत असंपृक्त मेदाम्लं (थंडीतही पातळ राहणारे तेलातले घटक) जास्त सापडल्याचंही वाचलं होतं. जानेवारीत खोबरेल बाटलीत थिजतं, पण असंपृक्त मेदाम्लं जास्त असलेलं शेंगतेल थिजत नाही. माझी अटकळ तिथूनच निघाली.

आधी आठ दिवस रोपं फ्रीजमध्ये, गारठ्याची सवय लागावी म्हणून. पहिल्या फेरीत लक्षातच आलं नाही की दार लावलं की आतला दिवा विझतो! गारठ्याला तोंड द्यायला पानांत साखर साठावी लागते, ती अंधारात कुठून साठणार? आता आत चार्जिंगचा एलईडी ठेवतो. आई म्हणाली, "त्याची भाजी तरी कर की रं, फ्रीजात कशाला वाळवत बसलायस?"

मग थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि खडेमीठ, कुल्फीवाल्यासारखं, आणि त्यात पानं घातलेल्या परीक्षानळ्या. उणे चारला दोन तास. दुसऱ्या फेरीत परसातली पानं मऊ, काळपट हिरवी, उकडल्यासारखी झाली. बांधावरची तशीच ताठ. मी खूश.

गोम अशी की परसातली पानं मातीची म्हणून मी धुतली होती, बांधावरची कोरडी होती. कोरडं पान उणे चारलाही न गोठता राहू शकतं. बर्फाला सुरुवात व्हायला कण लागतो आणि ओल्या पानावर तो आधी धरतो. म्हणजे माझी बांधावरची पानं गारठ्याला टिकली नव्हती, ती गोठलीच नव्हती.

या वेळी सगळी धुतली, पुसली आणि उणे एकला प्रत्येक नळीत बर्फाचा चुरा टाकला. मग बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर पानं, टीडीएस मीटरचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग, नंतर तेच पाणी पानांसकट उकळून पुन्हा रीडिंग. उकळल्यावरच्या रीडिंगशी पहिल्याचं प्रमाण म्हणजे गोठून इजा झालेल्या पानांतून किती क्षार पाझरले ते. प्रत्येकी सहा नळ्या: बांधावरचा सरासरी 58 टक्के, परसातला 61. एकाच गटातल्या नळ्यांत यापेक्षा जास्त फरक आहे.

तसंही दोन जागांची झाडं म्हणजे दोन घराणी. औषधाला न मरणं सोडून शंभर गोष्टी वेगळ्या. या हंगामात त्याच बांधावरचा, ॲट्राझिननं मरणारा चाकवत शोधतोय. बी धरायच्या आधी प्रत्येक झाडाचं एक पान औषधात बुडवून बघणार.