चाक तापते तेव्हा दाब कुठे अडकला आहे ते आधी शोधावे

घरी ब्रेक पॅड, चाकासोबत फिरणारी डिस्क किंवा तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर बदलल्यानंतर एखादे चाक तापू लागले, जळका वास येऊ लागला आणि न्यूट्रलमध्येही गाडी जड जाऊ लागली, की नुकताच बसवलेला भागच खराब निघाला असे धरून बहुतेक जण तोच भाग पुन्हा विकत आणतात. मला ही पद्धत पटत नाही. ब्रेक का सुटत नाही याचे उत्तर चाक जाम असतानाच मिळते. गाडी थंड झाली की तेच चाक मोकळे फिरू लागते आणि तपासण्यासारखे काही उरत नाही. म्हणून पेडल कडक लागत असेल तरच, रहदारी आणि उतार नसलेल्या रस्त्यावर थोडी फेरी मारून दोष दिसू द्यावा आणि लगेच सपाट जागी जॅक व स्टँड लावून चाक हाताने फिरवून पाहावे. डिस्कला पॅड किंचित घासल्याचा आवाज येणे स्वाभाविक आहे; पण चाक फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागत असेल, तर ब्रेक धरला आहे.

कोणती चाके तापली यावरून बरेच कळते. एकच चाक तापत असेल तर दोष बहुधा त्याच चाकाच्या कॅलिपरमध्ये किंवा त्याला ब्रेक ऑइल पुरवणाऱ्या रबरी होज पाइपमध्ये असतो. पुढची दोन्ही किंवा चारही चाके धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग), बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि पेडलकडे वळावे. मागे ड्रम ब्रेक असतील तर हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. इन्फ्रारेड थर्मामीटर असल्यास डावी-उजवी बाजू ताडून पाहावी, मात्र डिस्कच्या चकचकीत पृष्ठभागावर तो प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतो.

आता खरी कसोटी. चाक जाम असताना डोळ्यांवर चष्मा चढवून कॅलिपरचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ऑइल व हवा बाहेर काढण्याचा स्क्रू, सावकाश सैल करावा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकलेला होता. चाक तसेच जड राहिले, तर पॅडला ढकलणारा पिस्टन, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन किंवा पॅड यांपैकी काहीतरी जागीच अडकले आहे. दाब अडकलेला असेल तर दोष पुन्हा निर्माण करून या वेळी लोखंडी नळी आणि रबरी होज जिथे जुळतात तो जोड सैल करावा. तिथे सैल करूनही चाक सुटले नाही, तर होज आतून बंद झाला आहे.

चिपळूणला मेहुण्याच्या गाडीत नेमके हेच निघाले. पॅड आणि डिस्क नवीन, कॅलिपरही नवीन, तरी पुढचे डावे चाक तापतच होते. होज बाहेरून धडधाकट दिसत होता. पण त्याला मधोमध धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे फुगले होते आणि त्यांनी रबर चिमटले होते. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जाई, परंतु परतीच्या वेळी एवढा दाब नसल्याने ते तिथेच अडे. कोकणातल्या दमट हवेत हा दोष आधी तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन.

लोखंडी नळी आणि होज यांचा जोड सैल केल्यावर चाक सुटले, तर दाब त्याच्याही वर आहे. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला, तरच ऑइलच्या टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडे राहते. त्या पिस्टनला ढकलणारा दांडा म्हणजे पुशरॉड जरा लांब असला किंवा ब्रेक लाइटचा स्विच पेडलला पूर्ण वर येऊ देत नसला, तर ते छिद्र झाकले जाते. मग तापून फुगलेल्या ऑइलला जायला वाट राहत नाही, पॅड अधिक दाबले जातात, त्यामुळे ऑइल आणखी तापते, आणि म्हणूनच असा ब्रेक अंतरागणिक घट्ट होत जातो. मास्टर सिलिंडर बूस्टरला धरणारे नट थोडे सैल केल्यावर चाके सुटली, तर पुशरॉडचे किंवा पेडलचे अंतर तपासावे.

निपल उघडूनही चाक सुटले नसेल, तर कॅलिपर उतरवावा. आतला पॅड जास्त आणि बाहेरचा कमी झिजला असेल, तर स्लाइड पिन अडकल्याचा संशय घ्यावा. त्यांना सिलिकोनचे ब्रेक ग्रीसच लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. नव्या पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोके, कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये बोटाने सरकले पाहिजेत. क्लिपखाली साचलेला गंज कानशीने घासल्याशिवाय ते सरकत नाहीत. पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, पीळ बसलेली रबरी सीलच त्याला जेमतेम केसाएवढी मागे घेते, त्यामुळे पिस्टनवर गंज असेल तर तो परत येत नाही.

दुरुस्तीनंतर ब्रेक ऑइल पूर्ण बदलून हवा काढावी. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. कुंभार्ली घाट उतरताना तापलेल्या चाकात असे जुने ऑइल उकळले, तर त्याच्या वाफेने पेडल थेट तळाला जाऊ शकते.