रडका मोर

आमच्या घरात इस्त्री मी करतो. यात बायकोवर उपकार वगैरे काही नाही, मला दुसऱ्याने केलेली इस्त्री चालत नाही, एवढंच. बाहेर दिलेला शर्ट परत येतो तो कॉलरपाशी चकाकत आणि बाहीला दोन-दोन घड्या घेऊन. म्हणून रविवारी जेवणं उरकली की मी जमिनीवर जुनी चादर चौघडी करून अंथरतो, शेजारी तांब्याभर पाणी घेतो आणि आठवड्याचे कपडे काढून बसतो. हे माझं काम. या वेळात मला कुणी बोललेलं आवडत नाही.

परवा तिसऱ्या शर्टाची कॉलर अर्धी झाली आणि लाईट गेली.

मे महिना, दुपारचे दोन, सोलापूर. यापुढे काही सांगायची गरज नाही. पंखा दोन-तीन फेऱ्या उगीच फिरून थांबला, बायको आतून ‘गेली का?’ म्हणाली, मी ‘गेली’ म्हणालो. इस्त्री उभी करून ठेवली आणि करायला काहीच नाही म्हणून खाली बघत बसलो. खाली चादर. चादरीवर मोर.

सोलापूरकराच्या घरात चादर कधी मरत नाही. नवी असते तेव्हा ती पाहुण्यांची. पाहुण्यांना दाखवण्यासारखी राहिली नाही की आपल्या अंगावर येते, मग अंगाखाली जाते, मग गच्चीवर कुरडया वाळवायला, मग इस्त्रीखाली. त्यानंतरही तिचे तुकडे स्कूटरवर धूळ बसू नये म्हणून वर्षानुवर्षं राबतात. बाहेरगावच्या नातेवाइकांचं वेगळं. ‘येताना दोन चादरी आण, पैसे देतो’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय त्याला हिशेब नाही. त्यातल्या ‘पैसे देतो’चा हिशेब मात्र चोख आहे.

तर मोर. मोराची मान बघितली तर ती वळणाची नसते. चादरीवर वळण असं काही नसतंच, सगळे जिने असतात. दोन घरं वर, एक घर आडवं, तीन घरं वर, एक आडवं. लांबून ती मान डौलदार दिसते, जवळून बघितलं की मोर जिना चढायला निघाल्यासारखा. लहानपणी या पायऱ्या मोजत मला झोप लागायची. आणि मोजायला शिकवलं होतं पेंटरमामांनी.

ते आमचे मामा नव्हते आणि खरं तर पेंटरही नव्हते. साखर पेठेत आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा समोरच्या वाड्यात वरच्या खोलीत ते राहायचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि बाजारात भाव करताना कानडी. काम चादरीच्या डिझाइनचं. कारखानदार सांगेल ते फूल, वेल, मोर, कमळ ते ग्राफवर काढून द्यायचे. पण ‘डिझाइनवाले’ म्हणायला गल्लीच्या जिभेला जड जायचं. हातात ब्रश म्हणजे पेंटर. या नावापायी त्यांना आयुष्यभर ‘आमच्या दुकानाची पाटी रंगवून देता का?’ हा प्रश्न ऐकावा लागला, आणि ते प्रत्येकाला तितक्याच गंभीरपणे ‘अक्षर चांगलं नाही ओ माझं’ म्हणायचे. खोटं. अक्षर मोत्यासारखं होतं.

त्यांच्या खोलीत पंखा होता आणि तो लावायची परवानगी नव्हती, कारण कागद उडायचा. खिडकीशी उतरतं टेबल, त्यावर मेजाएवढा जाड ग्राफ, आणि त्यावर बारीक ब्रशने एकेक घर लाल रंगाने भरणारे मामा. भरलेल्या घराच्या जागी पुढे पुठ्ठ्याला भोक पडतं, भोक आलं की मागावरचा आकडा ताण्याचा धागा वर उचलतो, रिकामं घर असलं की धागा खालीच राहतो. ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा. असे शेकडो पुठ्ठे दोऱ्याने ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढते आणि खटाखट खाली मोर उतरतो. जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने 1804 साली हे यंत्र पुढे आणलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की हे सगळं मामांनीच शोधलंय.

‘काय बघलालास बे?’ ते मान न वळवता विचारायचे.

‘मोर.’

‘मोर नाही बे. घरं मोज.’

मी मोजायचो. त्यांनी खरा मोर कधी पाहिला होता का, हे विचारायचं राहून गेलं. बहुतेक नसावा. अंगाखाली मोर घेऊन झोपणाऱ्यांपैकी तरी कितीजणांनी पाहिलेला असतो?

एकदा त्यांच्याकडून एक घर जास्तीचं भरलं गेलं. मोराच्या डोळ्याच्या बरोब्बर खाली. एक घर म्हणजे केवढं? मुंगीच्या डोक्याएवढं. पण पुठ्ठ्याला भोक पडलं, भोक पडलं म्हणून धागा उचलला, आणि प्रत्येक चादरीवर प्रत्येक मोराच्या डोळ्याखाली एक थेंब आला. विणणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, घडी घालणाऱ्या बाईच्याही नाही. माल पेठेत गेल्यावर कुणीतरी कारखानदाराला फोन केला म्हणे, ‘तुमचा मोर रडलालाय.’ कारखानदार वाड्यात येऊन जे बोलला ते गल्लीने खिडक्या उघडून ऐकलं. मामांची त्या महिन्याची मजुरी कापली गेली. पुढे कित्येक दिवस आम्ही पोरं त्यांना बघून एक बोट डोळ्याखाली लावायचो. त्यांनाही हसू यायचं, पण थोडं उशिरा.

हे झालं पोटाचं. रविवारी मामा स्वतःची चित्रं काढायचे.

वाया गेलेल्या ग्राफची मागची कोरी बाजू, कॅमलच्या पोस्टर कलरच्या बाटल्या आणि पाण्याला डालड्याचा डबा, एवढं घेऊन ते जेवण झाल्यावर सायकलवर निघायचे. कधी तळ्याच्या काठी, कधी किल्ल्याच्या खंदकाशी, कधी मिलच्या भिंतीला टेकून. दोन-चार वेळा मला कॅरिअरवर नेलं. डोक्याला ओला रुमाल बांधून ते बसायचे आणि मी डालड्याच्या डब्यातलं पाणी बदलून आणायचो. रंग कागदावर टेकेपर्यंत ब्रशवरच सुकायचा.

ती चित्रं कुणाला फारशी आवडायची नाहीत. मला कळत नव्हतं म्हणून मला आवडायची. सिद्धेश्वराचं देऊळ पाण्यात उभं आहे, पाणी हलत नाही, पायऱ्यांवर चिटपाखरू नाही. किल्ल्याचा बुरूज, आणि त्याच्या सावलीत एका म्हशीची फक्त पाठ. महापालिकेची इंद्रभुवन इमारत सगळे समोरून काढतात, त्या नक्षीसाठी. यांनी मागून काढलं, तिथे एक सायकल टेकवलेली. सिद्धेश्वराच्या यात्रेचं, म्हणजे गड्ड्याचं, चित्र म्हणून त्यांनी जे दाखवलं त्यात यात्राच नव्हती. गड्डा उठल्यानंतरचं होम मैदान होतं, अर्धा उतरवलेला पाळणा, आणि सगळीकडे कागद.

आमचे वडील शाळामास्तर. त्यांना चूक दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाही. ‘अहो पेंटर, नंदीध्वजांच्या सात काठ्या कुठायत? बाराबंदीतली माणसं कुठायत? अक्षता पडतात तेव्हा लाखभर लोक असतात तिथं!’

मामा म्हणाले, ‘गेली की घरी, मास्तर.’

वडिलांनी हे उत्तर पुढे वीसेक वर्षं सगळ्यांना सांगितलं. कधी हसण्यासाठी, कधी नुसतंच. ‘हुसेन पंढरपुरात जन्मले, आपल्याच जिल्ह्यातले, सिनेमाची पोस्टरं रंगवत मुंबईत कुठल्या कुठं गेले. आणि आमचा हा गडी! यात्रा उठायची वाट बघत बसतो.’

मी मोठा झाल्यावर, म्हणजे कॉलेजात जाऊन चार शब्द शिकल्यावर, या रिकामेपणाचा अर्थ लावला होता. माणसं नसलेलं शहर, गिरण्यांचा उतार, कामगाराचं एकटेपण. मित्रांना ऐकवला पण होता. आता वाटतं, कसला अर्थ आणि कसलं काय. त्यांना मोकळा वेळ मिळायचा रविवारी दुपारी, आणि रविवारी दुपारी दोन वाजता सोलापुरात माणूस दिसतच नाही. दुकानं अर्ध्या शटरवर, कुत्री टपरीखाली, रिक्षावाला मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपलेला. सावल्यासुद्धा वस्तूंच्या पायाशी मुटकुळं करून बसलेल्या. मामांनी डोळ्यांना दिसलं ते काढलं. बाकीच्या लोकांनी सोलापूर काढलं ते सकाळचं नाहीतर संध्याकाळचं, पाण्यात दिवे वगैरे. दुपारचं सोलापूर काढायला तिथे दुपारी जाऊन बसावं लागतं, आणि ते कुणाला जमणार?

चिमणी मात्र त्यांच्या प्रत्येक चित्रात असायची. दिसत असो वा नसो, कोपऱ्यात एक मिलची चिमणी उभी. वडिलांनी यावरही त्यांना धरलं होतं: ‘तळ्यावरून ही चिमणी दिसतेच कशी?’ मामांचं म्हणणं, गावात सरळ असं तेवढंच आहे. ग्राफवर बसतं.

तेव्हा भोंग्यावर घड्याळ लावायचे दिवस होते. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल माझ्या आठवणीत बंदच आहे, पण लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा मी ऐकलाय आणि तो थांबलेलाही पाहिलाय. भोंगा थांबल्यावर आजीने कित्येक दिवस दुपारचा चहा उशिरा टाकला. 2023 साली विमानतळासाठी साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली, ते सगळ्या गावाने मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलं. मीही पाहिलं. चिमणी आधी थोडी वाकते आणि मग बसते. मला वाटलं, मामांना हे ग्राफवर अवघड गेलं असतं.

त्यांचं एक चित्र आमच्याकडे आहे. वडिलांनी घर सोडताना पंचवीस रुपयांना विकत घेतलं. मामा नको म्हणत होते, वडिलांनी पैसे खिडकीत ब्रशखाली ठेवले. तळ्याचं आहे. सध्याच्या फ्लॅटमध्ये ते मीटरच्या पेटीवर टांगलंय, पेटी दिसू नये म्हणून. इथे राहायला येताना त्याची काच फुटली तेव्हा मी चित्र फ्रेममधून काढून सहज खिडकीसमोर धरलं. मागचे चौकोन उजेडात पुढे आले. अख्खं तळं, देऊळ, आभाळ, सगळं बारीक जाळीत. आणि देवळाच्या मागे, पाण्याच्या आत कुठेतरी, अर्धा भरून सोडून दिलेला लाल मोर, उलट्या बाजूला तोंड करून. काचवाला म्हणाला, ‘साहेब, मागून पुठ्ठा लावू का नवीन?’ मी हो म्हणालो. नको म्हणायला हवं होतं की काय, कोण जाणे.

पुढे डिझाइन कॉम्प्युटरवर आली. जे भरायला मामांना पंधरा दिवस लागायचे ते पोरगा बसल्या जागी करायला लागला, आणि जास्तीचं घर भरलं गेलं तर ते पुसताही यायला लागलं. मामा मुलाकडे भिवंडीला गेले. तिथेही मागच. बाकीची चित्रं कुणाकडे गेली, ठाऊक नाही. बोहारणीला दिली नसावीत, ती कागद घेत नाही. त्यांच्या चित्रावर सही नसायची. चादरीवर तर कारखानदाराच्या नावाचं लेबल. म्हणजे गावाची चित्रं दहा घरांत, आणि मोर कुठल्या कुठल्या धर्मशाळांत, वसतिगृहांत, लग्नाच्या आहेरांत, रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलेल्यांच्या कानाभोवती.

असं सगळं परवा लाईट नसताना आठवत बसलो, आणि मग ते दिसलं. चादरीच्या घडीवर वर आलेल्या मोराच्या डोळ्याखाली एक ठिपका.

मी चष्मा पुसला. खाली वाकलो. नख लावून पाहिलं. धागा उसवून वर आलेला असेल, तर नखाला लागला असता. लागला नाही. सुपारीचा डाग असेल. निळीचा असेल. चादर बायकोच्या माहेरची आहे की आमची, हेच आधी आठवेना.

‘जरा इकडे ये,’ मी म्हणालो. ती पदराने वारा घेत आली. ‘हे काय आहे, बघ.’

‘डाग आहे.’

‘मोराच्या बरोब्बर डोळ्याखाली?’

‘मग काय डाग विचारून पडतो का? कधीची म्हणतेय ती चादर धुवायला टाका.’

विणीतला असेल तर तो चादरीवरच्या प्रत्येक मोराला असणार. घडी उलगडून दुसरा मोर बघायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. मी चादरीचं टोक हातात घेतलंही.

तेवढ्यात पंखा गरगरला. लाईट आली. इस्त्रीवरचा लाल दिवा लागला, आणि अजून दोन शर्ट राहिले होते.