माठाला घाम येत नाही

"मॅडम, आमच्या माठाला आता घामच येईना, म्हणून पाणी गार व्हत नाही."

पाचवीत बाष्पीभवनाचा सराव पाठ चालू होता. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

रात्री जागून पाठ टाचण काढलं होतं. बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे, असे तीन गट. ही मुलगी 'ऐकून'मध्ये, कारण फारशी बोलत नाही. माठ आणि ओलं फडकं दिलं दुसऱ्याच गटाला.

आणि ती तर रोज सकाळी घरचा माठ भरते. बाहेरून हात फिरवून ओल आली का बघते. आमच्या लातूरकडचं बोअरचं जड पाणी. क्षार माठाच्या छिद्रांत साचतात, पाणी झिरपणं थांबतं, गारवा जातो. तिच्या तळहाताला हे आधीच कळलेलं.

२००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तपासलं होतं : मुलाच्या शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं की जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा नाही. वाचलं होतं मी हे. तरी गट पाडले.

उद्या दोन माठ वर्गाच्या मधोमध ठेवणार, एक नवा, एक तिच्या घरचा. हात सगळ्यांनी लावायचा.

तुमच्याकडे जुना माठ परत गार व्हावा म्हणून काय करतात?