घरच्यांचा विचार केला नव्हता का?

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल (१८६१-६५, गुलामगिरीवरून उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं लढली ते) कुठंही बोललं की शेवटी कुणीतरी विचारतंच, “बायकापोरं वाऱ्यावर सोडून ही माणसं लढायला गेलीच कशी? घरच्यांचा विचार नाही का केला?” विचारणाऱ्याला लिंकन, गेटिसबर्ग, गुलामगिरी सगळं ठाऊक असतं, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. पण या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे: घर एकीकडे, युद्ध दुसरीकडे आणि शिपाई पहिलं सोडून दुसऱ्यात गेला. मला खटकतं ते हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

सुरुवात पगारापासून करावी लागते, कारण मागचं घर त्यावर चालायचं. उत्तरेच्या सैन्यात साध्या शिपायाला ऑगस्ट १८६१ पासून महिना १३ डॉलर होते, १८६४ मध्ये १६ झाले. पण महिन्याला म्हणजे दर महिन्याला हातात नव्हे. दर दोन महिन्यांनी, फेब्रुवारी, एप्रिल, जून अशा सम महिन्याच्या शेवटच्या दिवशी हजेरीपट भरायचा आणि तो मंजूर झाला की पेमास्टर, म्हणजे पगार वाटणारा अधिकारी, रोकड घेऊन छावणीत यायचा. नियमानं दोन महिन्यांपेक्षा जास्त पगार थकायला नको. प्रत्यक्षात पलटण कूच करत असली की पेमास्टर पोचायचा नाही आणि चार-सहा महिन्यांची थकबाकी ही नेहमीची गोष्ट होती. सगळ्यात वाईट हाल इस्पितळातल्या जखमींचे. शिपायाचं वर्णन, भरतीची तारीख आणि देणंघेणं लिहिलेला कागद पलटणीकडून आला नाही, तर त्याला इस्पितळात पगार मिळत नसे. मोहिमेवरच्या पलटणीतला कारकून तो कागद पाठवायला विसरला की गावाकडची चूल बंद.

मिळालेला पगार घरी पोचवणं हे आणखी वेगळं काम. कुणी रजेवर निघालेल्या सोबत्याकडे द्यायचे, कुणी पलटणीच्या पाद्र्याकडे, कुणी एक्सप्रेस कंपनीच्या, म्हणजे खाजगी पार्सल कंपनीच्या, पाकिटातून पाठवायचे. पगारातला ठरावीक भाग परस्पर घरी जावा अशी लेखी सोयही होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचे वडील न्यूयॉर्कच्या पलटणींच्या छावण्यांमधून फिरून शिपायांना त्यासाठी सह्या करायला सांगत. तंबूत पैसा राहिला तर तो जुगारात नाहीतर छावणीतल्या महागड्या दुकानात जातो, हे त्यांना माहीत होतं. टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली ती थेट नोव्हेंबर १८६४ मध्ये. तोवर युद्ध संपत आलं होतं.

दक्षिणेकडे पगार ११ डॉलर, तोही रोज घसरणाऱ्या कागदी नोटांत. तिथल्या शेतकरणींची खरी अडचण पैशापेक्षा मिठाची आणि लोकरी-कापसाच्या फण्यांची. मीठ नाही तर डुक्कर कापून उपयोग नाही, मांस टिकत नाही. म्हणून मांसाला धुरी द्यायच्या खोलीची जमीन खणायच्या. वर्षानुवर्षं तिथं खारट पाणी गळून मुरलेलं असायचं. ती माती पाण्यात भिजवायची, पाणी गाळून आटवायचं. मिळणारं मीठ काळपट, पण मीठच. कापूस पिंजायच्या फण्या बाहेरून यायच्या. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केल्यावर त्या येईनात, जुन्यांच्या तारा झिजल्या आणि शेतात कापूस असून अंगावर कापड नाही अशी स्थिती झाली. २ एप्रिल १८६३ ला रिचमंडमध्ये बायकांनी भाकरीसाठी दुकानं फोडली, त्याआधी अनेक घरांत हे घडून गेलेलं होतं. ही वर्णनं करणारी पत्रं छावणीत पोचली की शिपाई पळून घरी जायचे. घरच्यांचा विचार केला की लष्करी न्यायालय, नाही केला की तुमचा प्रश्न.

आता ज्यांच्याबद्दल हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो त्यांच्याकडे येतो. १८६२ च्या कायद्यानं काळ्या शिपायांना महिना १० डॉलर ठरवले, त्यातले ३ कपड्यांपोटी कापायचे. हातात ७. गोऱ्या शिपायाला १३, वर कपड्यांचा भत्ता निराळा. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या काळ्या शिपायांच्या ५४ व्या पलटणीला भरतीच्या वेळी समान पगाराचं वचन दिलं होतं. त्यांनी ते ७ डॉलर घ्यायला नकार दिला. राज्य सरकार फरक भरून द्यायला तयार झालं, तेही त्यांनी नाकारलं, कारण मुद्दा रकमेचा नव्हताच. दीड वर्ष एक पैसा न घेता ते लढले. त्यांच्याबरोबरच्या ५५ व्या पलटणीनंही तेच केलं. ओहायोतल्या पिक्वा गावाहून त्या पलटणीतल्या एका शिपायाच्या बायकोनं सप्टेंबर १८६४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं: मी, माझी आई आणि माझ्या माहितीतले कितीतरी जण पैशावाचून हाल सोसतोय. ते पत्र वाचलं की तुमचा प्रश्न मला पूर्ण झटकता येत नाही, हे कबूल करतो.

पण मग केंटकीतल्या कॅम्प नेल्सन या उत्तरेच्या लष्करी छावणीचं काय करायचं? केंटकी हे गुलामगिरी चालणारं राज्य, पण उत्तरेच्या बाजूचं, म्हणून बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त करणारा लिंकनचा जाहीरनामा तिथं लागू नव्हता. काळा माणूस सैन्यात भरती झाला की तो मुक्त, पण त्याची बायकामुलं गुलामच. जोसेफ मिलर ऑक्टोबर १८६४ च्या मध्याला तिथं भरती व्हायला आला तो बायको आणि चार मुलांना घेऊनच. का, ते त्याच्याच शपथपत्रात आहे: मालकानं सांगितलं होतं की तू भरती झालास तर मी यांना पोसणार नाही. मालक त्यांचे हाल करील हेही त्याला ठाऊक होतं. छावणीतल्या एका लेफ्टनंटनं कुटुंबाला हद्दीत तंबूत राहायची मुभा दिली.

छावणीत अशी शेकडो बायकामुलं होती. बायका कपडे धुऊन, रांधून पोट भरायच्या. लष्कराच्या दृष्टीनं ती अडगळ, कायद्याच्या दृष्टीनं ती कुणाची तरी मालमत्ता. छावणीचे प्रमुख जनरल स्पीड फ्राय यांनी त्यांना यापूर्वीही हाकललं होतं, ती परत आली होती. २२ नोव्हेंबरला संध्याकाळी मिलरच्या कुटुंबाला सांगण्यात आलं की सकाळी निघायचं. २३ ला सकाळी आठच्या सुमारास घोडेस्वार पहारेकरी आला. कडाक्याची थंडी, बोचरा वारा. मिलरचा सात वर्षांचा मुलगा नुकताच मोठ्या आजारातून उठत होता. बाहेर काढलं तर तो मरेल, असं मिलरनं सांगितलं. जायला जागा नाही, आणि मी अमेरिकेचा शिपाई आहे, हेही सांगितलं. पहारेकरी म्हणाला, त्यानं काही फरक पडत नाही, सगळ्यांना बाहेर काढायचा हुकूम आहे. गाडीत चढला नाहीत तर एकेकाला गोळी घालीन. मालकाकडून निघताना बरेचसे कपडे तिथंच राहिले होते, त्यामुळे अंगावर पुरेसं काही नव्हतं. आईनं आजारी पोराला उचलून घेतलं आणि सगळे गाडीत बसले.

रात्री मिलर त्यांच्या शोधात निघाला. सहा मैलांवरच्या निकोलसव्हिलमध्ये काळ्या लोकांच्या एका जुन्या प्रार्थनाघरात ते सापडले. मोठी थंडगार खोली, सगळ्यांना मिळून एकच शेकोटी, आणि गर्दीमुळे तिच्याजवळ जाता येत नव्हतं. मुलगा गाडीतून उतरल्यावर लगेच वारला होता. मिलरला त्याच रात्री छावणीत परतायचं होतं, नाहीतर तो फरारी ठरला असता. तो सहा मैल परत चालला. सकाळी पुन्हा सहा मैल. स्वतः खड्डा खणला, मुलाला पुरलं, बाकीच्यांना तिथंच ठेवून परतला. २६ तारखेला त्यानं हे शपथेवर सांगितलं आणि सही येत नसल्यानं खूण केली. पुढच्या काही आठवड्यांत बायको आणि उरलेली मुलंही गेली. जानेवारी १८६५ मध्ये तो स्वतः. हाकललेल्या सुमारे ४०० जणांपैकी १०२ जण मेले.

सांगा, या माणसानं घरच्यांचा विचार केला नव्हता?

छावणीतले कॅप्टन थेरॉन हॉल आणि मिशनरी जॉन फी यांनी ही शपथपत्रं वॉशिंग्टनपर्यंत आणि वर्तमानपत्रांपर्यंत पोचवली. हुकूम फिरला, निर्वासितांसाठी वसाहत उभी राहिली. तिथंही आधी मोठ्या खोल्यांमध्ये सगळ्यांना एकत्र कोंबलं, रोग पसरले. प्रत्येक कुटुंबाला वेगळी झोपडी द्या, असं फी सांगत राहिले. ३ मार्च १८६५ ला काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, काळ्या शिपायांच्या बायकामुलांना मुक्त केलं. गुलामांच्या लग्नाला कागद नसायचा, म्हणून ती दोघं नवराबायको म्हणून एकत्र राहत होती एवढा पुरावा पुरेसा मानला.

पूर्वी मी या प्रश्नावर एवढंच म्हणायचो की त्यांना पर्याय नव्हता. मिलरच्या बाबतीत आजही तेच म्हणेन. ५४ व्या आणि ५५ व्या पलटणीला मात्र पर्याय होता. राज्य सरकारचे पैसे समोर ठेवलेले होते, आणि पिक्वातली ती बाई वाट बघत होती. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला, पण त्यात एक मेख होती: भरतीपासूनचा फरक फक्त १९ एप्रिल १८६१ ला जे मुक्त होते त्यांनाच. मग ५४ व्या पलटणीचे कर्नल हॅलोवेल यांनी शपथेचे शब्द असे बेतले की त्या दिवशी आपण कुणाला फुकट मजुरीचं देणं लागत नव्हतो, एवढंच म्हणायचं. गुलामीतून पळून आलेल्यानंही ती बिनदिक्कत घ्यावी. सप्टेंबरअखेर पेमास्टर आला, पूर्ण पगार मिळाला, आणि त्यातला बराचसा एक्सप्रेसनं घरी गेला. दीड वर्ष उशिरा. त्या शिपायांनी बरोबर केलं असं मी म्हणतो. त्यांच्या बायकांनीही तसं म्हणावं, असा आग्रह मात्र मला धरता येत नाही.