तुम्ही विचारलंत म्हणून: तिचं नाव का बदललं

"साडेतीन वर्षांच्या पोरीचं नाव कशाला बदललंत?" सोसायटीच्या गेटपाशी, पंगतीत, दत्तक पालकांच्या बैठकीत, सगळीकडे हे विचारून झालंय. एकदाच नीट सांगते.

'रेणू' हे नाव तिच्या जन्मदात्या आईने ठेवलेलं नव्हतं. संस्थेत आली तेव्हा ती काही दिवसांची होती, नाव तिथल्या एका ताईंनी ठेवलं. तेव्हा "आईची खूण पुसलीत" असं कृपया म्हणू नका.

हे मी कित्येकदा ऐकवलंय आणि ते खरंही आहे. पण कारण ते नव्हतं. मला बारसं करायचं होतं. पाळणा, घुगऱ्या, आत्याने कानात सांगितलेलं नाव. ती वेळ कधीच निघून गेली होती, मला ते पटत नव्हतं.

2022 च्या जूनमध्ये ती घरी आली आणि आम्ही तिला सानिका म्हणायला लागलो. त्या वर्षी निर्बंध उठल्यानंतरचा पहिला गणेशोत्सव, अख्खं पुणं रस्त्यावर. तुळशीबागेपाशी माझ्या हातातून तिचा हात सुटला. "सानिका, सानिका" ओरडत मी लक्ष्मी रस्त्यापर्यंत गेले, परत आले. ती जवळच असणार, हाक तिच्या कानावर पडलीही असेल. पण त्या नावाची आणि तिची ओळख जेमतेम तीन महिन्यांची. मदत केंद्राच्या भोंग्यावरून सांगत होते, "रेणू नावाची मुलगी, पिवळा फ्रॉक, पालकांनी यावं." मी ऐकलं. आणि मनात आलं, कुणाची तरी बिचारी हरवली. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पिवळा फ्रॉक डोक्यात शिरला.

धावत पोचले. पोलीस ताईंनी विचारलं, "मुलीचं नाव?" मी म्हटलं, "सानिका." त्या म्हणाल्या, "ही तर रेणू सांगतेय." आणि त्यांनी तिला माझ्याकडे दिलं नाही. योग्यच केलं. मी मोबाइलमधले फोटो दाखवत होते, हात थरथरत होते. ती खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती, रडत नव्हती. शेवटी मी "रेणू" म्हटलं, तेव्हा ती उठली.

यानंतरही आम्ही नाव बदललंच. दत्तकाचा आदेश यायचा होता. 1 सप्टेंबरपासून ते काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं होतं, आमची फाइलही तिकडे गेली. जन्मदाखल्यावर कोणतं नाव जावं हे अजून आमच्या हातात होतं. "लहान आहे, विसरेल," असं मीच म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "आमची नाही का बदलली? ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिली की झालं." माझंही तसंच बदललं होतं, म्हणून मला तो आधार वाटला. पण मी सत्तावीस वर्षांची होते, आणि माझा भाऊ आजही फोनवर जुन्याच नावाने हाक मारतो. तिला रेणू म्हणणारी माणसं तर सगळी मागे राहिली.

आता ती सानिकाच आहे. वहीवर तेच लिहिते, हाकेला ओ देते. परत बदला म्हणाल तर मी बदलणार नाही. अठरा वर्षांची झाली की तिला कायद्याने स्वतःच्या मुळांचा शोध घेता येईल, आणि तिथल्या कागदांवर रेणूच असेल. तोवर ते नाव घरात बोललं जावं एवढं मी आता पाहते.

मागच्या महिन्यात झोपताना तिने विचारलं, "रेणू अजून तिकडेच असते का गं?"

म्हटलं, "नाही राणी, ती इकडे आली ना. तूच ती."

"मग तेव्हा सानिका कुठे होती?"