आधी वॉर्ड बघा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगताना सर म्हणाले, "आठवणी लिहीच, पण नर्सिंगला जायचं म्हणणाऱ्या मुलींसाठीही काहीतरी लिही. दरवर्षी पाच-सहा जणी विचारायला येतात आणि आम्हाला धड सांगता येत नाही." मी २०१५ला दहावी झाले, २०२१ला बी.एस्सी. नर्सिंग, आणि आता एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. शाळेची आठवण आणि नर्सिंगचं सांगणं माझ्यासाठी एकाच जागी येऊन मिळतं, त्यामुळे दोन्ही एकत्रच लिहिते.

ती जागा म्हणजे गणिताच्या बाईंचा तास. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर बाई अख्खं गणित कापायच्या. "बारा काय? बारा लिटर की बारा रुपये?" सहावीपासून दहावीपर्यंत हेच ऐकलं.

नोकरीतली माझी पहिली नाइट मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात होती. एका आजोबांना ५०० मिली सलाइन आठ तासांत द्यायचं होतं. सलाइनचा वेग आपोआप सांभाळणारे पंप आयसीयूत, इथे थेंबच मोजायचे. सलाइनच्या नळीच्या सेटच्या पाकिटावर लिहिलेलं, २० थेंब म्हणजे १ मिली. म्हणजे दहा हजार थेंब, ४८० मिनिटं, मिनिटाला २१. थेंब पडतात त्या चेंबरशेजारी घड्याळ धरून, सेकंदकाटा आणि थेंब एका नजरेत ठेवून मी थेंब कमी-जास्त करणारा रोलर किंचित किंचित फिरवत होते. हे सहावीतलंच गणित होतं, फक्त उत्तर आजोबांच्या शिरेत जात होतं.

त्याआधीची एक चूकही सांगते, कारण ती लपवून पुढचं काही पटणार नाही. तिसऱ्या वर्षाला असताना एका काकूंना २० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. कुपी ४०ची, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. ट्रेमध्ये केशरी टोपणाची, १००ची पडली होती. मी तीच उचलली आणि २०च्या खुणेपर्यंत औषध ओढलं. इनचार्ज सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "यात किती युनिट आहेत?" मी म्हटलं, वीस. त्यांनी कागद पुढे केला. त्या सिरिंजच्या २०च्या खुणेला ०.२ मिली भरतं, आणि ४०च्या कुपीतलं ०.२ मिली म्हणजे आठ युनिट. काकूंना निम्म्याहूनही कमी डोस गेला असता. सिस्टर ओरडल्या नाहीत. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहून ते गणित माझ्याकडून तीनदा करून घेतलं. त्या दिवशी मला बाईंची फार आठवण आली.

आता मुलींनो आणि मुलांनो, माझं खरं सांगणं इथे आहे. माझी ती चूक पकडली गेली, कारण वॉर्ड पेशंटनी भरलेला होता आणि माझ्या शेजारी हात धरणारी अनुभवी सिस्टर उभी होती. नर्सिंग असंच शिकलं जातं. म्हणून कॉलेज निवडताना इमारत, बस, गणवेश यांच्या आधी वॉर्ड बघा. बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय असावं असा भारतीय परिचर्या परिषदेचा (इंडियन नर्सिंग कौन्सिलचा) निकष आहे. पण खाटा असणं वेगळं आणि खाटेवर माणूस असणं वेगळं. माझ्याबरोबर नोकरीला लागलेली एक मैत्रीण चकचकीत कॉलेजातून आली होती. चार वर्षं बहुतेक सरावाच्या पुतळ्यावरच शिकली. पहिल्या महिन्यात शीर सापडली नाही की स्टोअररूममध्ये जाऊन रडायची. हुशार मुलगी, पण कॉलेजने तिला पेशंटच दिले नव्हते. याचा मला आजही राग येतो.

तेव्हा असं करा. दुपारी दोनच्या सुमारास, ड्यूटी बदलताना, त्या रुग्णालयाच्या फाटकापाशी जा. शेवटच्या वर्षाच्या मुली बाहेर पडतात. त्यांना विचारा, वॉर्डात किती पेशंट असतात, प्रसूतीच्या केसेस स्वतः केल्या की केस बुकात नुसत्या उतरवल्या. त्या खरं सांगतात. आणि कॉलेजचं नाव भारतीय परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, हे प्रवेशाची फी भरण्याआधी बघा.

जीएनएम की बी.एस्सी. हेही सगळे विचारतात. जीएनएम ही नर्सिंगची पदविका, तीन वर्षांची; बी.एस्सी. ही पदवी, चार वर्षांची. घरची परिस्थिती असेल तर बी.एस्सी.च करा, पुढे एम.एस्सी.ची, शिकवण्याची, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची वाट सोपी होते. पण पैशांमुळे जीएनएम केलं तर मान खाली घालू नका. माझं मनगट धरणाऱ्या त्या सिस्टर जीएनएमच होत्या. मुलग्यांनी एक लक्षात ठेवावं, एम्सच्या नर्सिंग भरतीच्या नॉरसेट परीक्षेत ८० टक्के जागा मुलींसाठी असतात, त्यामुळे तयारी लवकर सुरू करा.

पास झाल्यावर परिचर्या परिषदेकडे नोंदणी होताच पहिली नोकरी घ्याल, तिथे मूळ कागद कुणाकडे ठेवू नका. माझ्या पहिल्या खासगी रुग्णालयाने माझी गुणपत्रकं ठेवून घेतली आणि ती परत मिळवायला मला पाच महिने आणि बाबांना चार खेपा लागल्या. छायाप्रती द्या, मूळ दाखवून परत घ्या. पगाराचंही आधी वाचून जा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५०हून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे. बऱ्याच ठिकाणी ती पाळत नाहीत, पण आकडा तुम्हाला ठाऊक हवा. पहिली दोन वर्षं मोठ्या, गर्दीच्या वॉर्डात काढा. आखातात जायचं असेल तर बहुधा तेवढा अनुभव मागतातच. जर्मनीला जायचं असेल तर बी-२ पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते, ती नोकरी करता करता शिकता येते. माझी रूममेट नाइट संपवून तोंडावर पाणी मारून क्लासला बसायची.

मराठी माध्यमाची भीती मात्र मनातून काढून टाका. पहिलं सहामाही शरीररचनेची इंग्रजी नावं पाठ करण्यात जातं, नंतर बसतं. पण वॉर्डात आजी म्हणते, "छातीत कळ नाही गं, गच्च झालंय, आणि डाव्या हाताला मुंग्या." कळ, चमक, ठणका, आग, गच्च होणं, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. माझ्या तुकडीतल्या शहरातल्या मुली या सगळ्याला 'पेन' एवढंच लिहायच्या. मी आजीचे शब्द जसेच्या तसे ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देताना, सांगितले, ईसीजी लगेच निघाला, आणि त्यांना तासाभरात आयसीयूत हलवलं. ते शब्द मला घरातून आणि या शाळेतून मिळाले आहेत.

महोत्सवाच्या आदल्या रात्री माझी नाइट आहे. सकाळी आठला ओव्हर देऊन पहिल्या एसटीने निघते, दुपारपर्यंत पोहोचेन. बारावी सायन्सच्या ज्यांना नर्सिंगला जायचंय त्यांनी कॉलेजांची यादी घेऊन या. विहिरीकडच्या वर्गात बसू, एकेक नाव बघू. आणि बाई आल्या असतील तर मला आधी त्यांच्याजवळ बसू द्या.

(माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च २०१५)